बंदुकीचा टेकू

शिराळ्याच्या पश्चिमेस वारणेच्या खोऱ्यांत रान दाट होत जातें. डोंगरमाथ्यावर मात्र झोळंबीसारखे जांभ्याचे उघडे सडे पसरलेले आहेत. अशा उघड्या जागीं तोड्याच्या बंदुकीनें नेम धरणें सोपें नसे. चाप ओढावयाचा, जळता तोडा कानावरील दारूस लागावयाचा, तेथून जाळ नळींत शिरावयाचा आणि मग बार! तेवढ्यांत हात हलला, तर गोळी वायां जाई. किंवा, त्याहून वाईट, घायाळ जनावर रानांत शिरून तडफडत मरे.

म्हणून टेकू हें बंदुकीचेंच एक अंग होतें. सतराव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील शिपाई बेचक्याची काठी बाळगीत. बंदुका हलक्या झाल्या, तशी ती सुटली. 1761 सालीं पानिपतावर अब्दालीच्या जंबुरकांना तर उंटाची पाठच टेकू म्हणून लाभली! आपल्या किल्ल्यांच्या तटांतील जंग्याहि आडोशाबरोबर नळीला आधार देत.

सड्यावर दगड हाताशीं असतो. पण त्यावर उघडी नळी टेकल्यास बार होतांच ती उसळते. मध्यें घोंगडीची घडी हवी, आणि टेकावयाचें तें नळीखालचें लांकूड. बेचक्याची काठी न्यावयास सोयीची, परंतु एकपायी असल्यानें ती डुलते. तीन काठ्या शेंड्यापाशीं बांधून केलेलें तिकाटणें खडबडीत जमिनीवरहि ठाम बसतें.

1972 च्या कायद्यानें शिकारीस आळा बसला. चांदोलीचें रान 1985 सालीं अभयारण्य आणि 2004 सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तिकाटण्यावर आतां दुर्बीण चढते.