फवारणी पंप व झटका मशीनच्या बॅटरीसाठी व्होल्टेज बदलता येणारा चार्जर: आराखडा, जोडणी आणि वापर

अकोला व अमरावती जिल्ह्यांत कपाशी, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्यावरील फवारणीसाठी पाठीवरचा बॅटरी पंप सर्रास वापरला जातो. रोही, हरीण आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी झटका मशीनचा वापरही वाढला आहे. ही दोन्ही साधने साधारणपणे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. फवारणी करताना बॅटरी उतरली की पंपाचा दाब कमी होतो, थेंब मोठे पडतात, औषध पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोहोचत नाही आणि फवारणी पुन्हा करावी लागते. झटका मशीन एक रात्र बंद राहिली तरी डुकरांचा कळप उभ्या पिकाचे नुकसान करून जातो.

बॅटरी दीड-दोन हंगामांत बाद झाली की 'माल हलका निघाला' असे म्हटले जाते. अनेकदा दोष बॅटरीचा नसून चार्जिंगचा असतो. बॅटरी मे महिन्यात मरते आणि ते जुलैत कळते. योग्य व्होल्टेज लावता येणारा चार्जर गावातच तयार करता येतो. त्याची माहिती पुढे दिली आहे.

बॅटरी लवकर का खराब होते?

पंपात बहुधा १२ व्होल्ट, ७ ते १२ अॅम्पिअर-तास क्षमतेची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. तिच्यात प्रत्येकी २ व्होल्टचे ६ सेल असतात. तिचे नुकसान दोन प्रकारे होते.

- कमी चार्जिंग: बॅटरी अर्धवट चार्ज झालेली किंवा उतरलेली तशीच पडून राहिली तर प्लेटवर लेड सल्फेटचे कठीण खडे बनतात. तेवढा भाग कायमचा निकामी होतो.
- जास्त चार्जिंग: व्होल्टेज मर्यादेपेक्षा जास्त असेल तर आतील पाण्याचे वायूत रूपांतर होते आणि तो झडपेतून निघून जातो. सीलबंद बॅटरीत पाणी पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे ती कोरडी पडते.

साध्या ट्रान्सफॉर्मरच्या स्वस्त चार्जरमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवण्याची सोय नसते. लाइनचे व्होल्टेज संध्याकाळी पडते तेव्हा बॅटरी भरत नाही. मध्यरात्री ते वाढते तेव्हा तीच बॅटरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते.

तापमानानुसार व्होल्टेज

उष्णता वाढली की बॅटरीत वायू कमी व्होल्टेजलाच तयार होऊ लागतो. म्हणून उन्हाळ्यात व्होल्टेज कमी आणि थंडीत थोडे जास्त ठेवावे लागते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १० ते १२ अंशांवर येतो. एवढ्या फरकात एकच व्होल्टेज वर्षभर योग्य ठरत नाही. चार्जरचे व्होल्टेज बदलता येणे गरजेचे आहे ते यासाठीच.

| बॅटरीजवळील तापमान | पूर्ण चार्जिंगचे व्होल्टेज | कायम जोडून ठेवण्याचे व्होल्टेज |
|---|---|---|
| १५ अंश | १४.९ | १३.८ |
| २५ अंश | १४.६ | १३.६ |
| ३५ अंश | १४.३ | १३.४ |
| ४५ अंश | १४.० | १३.२ |

हे आकडे १२ व्होल्टच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहेत. बॅटरीवर व्होल्टेजची मर्यादा छापलेली असल्यास ती २५ अंशांसाठी आहे असे धरावे. त्यापुढे दर अंशाला पूर्ण चार्जिंगसाठी ०.०३ व्होल्ट आणि कायम जोडणीसाठी ०.०२ व्होल्ट कमी करावेत. तापमान कमी असल्यास तेवढेच वाढवावेत.

किती अॅम्पिअर द्यावेत?

क्षमतेच्या एक दशांश ते एक पंचमांश इतका प्रवाह सुरक्षित असतो. ८ अॅम्पिअर-तासाच्या बॅटरीसाठी ०.८ ते १.६ अॅम्पिअर येतो. मध्यम म्हणून १.२ अॅम्पिअर ठेवावा. चार्जिंगमध्ये सुमारे २० टक्के वीज वाया जाते असे धरल्यास ८ × १.२ ÷ १.२ = ८ तास लागतात. शेवटी प्रवाह कमी होत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात ९ ते १० तास धरावेत. संध्याकाळी लावलेली बॅटरी सकाळी तयार होते.

आराखडा

या चार्जरमध्ये २३० व्होल्टची जोडणी आपण हाताळत नाही. त्यासाठी लॅपटॉपचा जुना पण चालू ॲडाप्टर वापरावा. तो १०० ते २४० व्होल्टमध्ये काम करतो, म्हणून लाइन कमी-जास्त झाली तरी १९ व्होल्ट डीसी स्थिर मिळतात. पुढे हे १९ व्होल्ट एका मॉड्यूलने हवे तेवढे कमी केले जातात.

एलएम३१७ या आयसीने व्होल्टेज कमी करता येते, परंतु उरलेले व्होल्ट तो उष्णतेत घालवतो. १९ व्होल्टमधून १२ व्होल्टच्या बॅटरीला १.२ अॅम्पिअर देताना (१९ − १२) × १.२, म्हणजे सुमारे ८ वॉट उष्णता तयार होते. उन्हाळ्यात टिनाच्या शेडमध्ये ती बाहेर टाकण्यासाठी मोठा हीटसिंक लागतो. त्याऐवजी एक्सएल४०१५ आयसीचे स्विचिंग मॉड्यूल घ्यावे. ते कमी तापते आणि व्होल्टेज व प्रवाह असे दोन्ही त्यावर वेगवेगळ्या स्क्रूने ठरवता येतात. खरेदी करताना मॉड्यूलवर दोन निळे स्क्रू-पोट आहेत याची खात्री करावी. एकच पोट असलेले मॉड्यूल फक्त व्होल्टेज बदलते, ते या कामाला चालत नाही.

साहित्य

- १९ व्होल्ट, ६५ वॉटचा लॅपटॉप ॲडाप्टर
- एक्सएल४०१५ मॉड्यूल (दोन पोटचे)
- १एन५८२२ डायोड (३ अॅम्पिअर)
- ३ अॅम्पिअरचा फ्यूज आणि फ्यूज होल्डर
- व्होल्ट-अॅम्पिअर दाखवणारा छोटा डिजिटल मीटर
- २२० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर (फक्त सेटिंगसाठी)
- लाल व काळी वायर, पंपाच्या चार्जिंग सॉकेटला बसणारी पिन, हवा खेळेल अशी प्लास्टिकची पेटी

जोडणी

१. ॲडाप्टरची पिन कापून मल्टिमीटरने धन व ऋण तार ओळखावी. तारांवर खूण करावी.

२. धन तार मॉड्यूलच्या 'इन प्लस'ला आणि ऋण तार 'इन मायनस'ला सोल्डर करावी.

३. 'आउट प्लस'पासून डायोड जोडावा. डायोडची पट्टीची बाजू बॅटरीकडे असावी. वीज गेली तर बॅटरीतील प्रवाह या डायोडमुळे मॉड्यूलमध्ये उलटा जात नाही.

४. डायोडनंतर फ्यूज आणि त्यानंतर लाल वायर घ्यावी. 'आउट मायनस'पासून काळी वायर घ्यावी.

५. मीटर त्याच्या सोबतच्या आकृतीप्रमाणे जोडावा. व्होल्टेज मात्र डायोडनंतरचे मोजले जाईल असे पाहावे.

सेटिंग

१. बॅटरी न जोडता आउटपुटला २२० ओहमचा रेझिस्टर लावावा. डायोडमधून थोडा प्रवाह वाहिल्याशिवाय व्होल्टेज खरे दिसत नाही.

२. व्होल्टेजचा स्क्रू हळूहळू फिरवून तक्त्यातील आकडा लावावा आणि तो मल्टिमीटरने तपासावा.

३. रेझिस्टर काढावा. प्रवाहाचा स्क्रू डावीकडे २० वेढे फिरवून कमीत कमी करावा.

४. उतरलेली बॅटरी जोडावी आणि मीटर पाहत स्क्रू उजवीकडे फिरवून १.२ अॅम्पिअरवर थांबावे.

प्रवाहाचे सेटिंग एकदाच करावे लागते. व्होल्टेज मात्र वर्षातून किमान तीनदा बदलावे: हिवाळ्याच्या सुरुवातीला, मार्चमध्ये आणि पावसाळा लागल्यावर. पेटीच्या झाकणावर तक्ता चिकटवून ठेवावा.

हंगामातील वापर

- फवारणी संपली की त्याच दिवशी बॅटरी चार्जिंगला लावावी. उतरलेली बॅटरी दोन-चार दिवसही तशीच ठेवू नये.
- ८ अॅम्पिअर-तासाच्या बॅटरीत प्रवाह ०.१ ते ०.१५ अॅम्पिअरपर्यंत खाली आला की ती भरली असे समजून काढून घ्यावी.
- चार्जिंगनंतर किमान २ तास थांबून व्होल्टेज मोजावे. १२.८ च्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे साधारण अर्धी.
- पंपाचा दाब पडल्यावर बॅटरी ओढून-ताणून वापरू नये. पंप चालू असताना व्होल्टेज ११ च्या खाली गेले की काम थांबवावे.
- नव्या बॅटरीवर किती टाक्या फवारून होतात ते लिहून ठेवावे. हा आकडा निम्म्यावर आला की बॅटरी बदलावी. भर फवारणीत ती साथ सोडेपर्यंत थांबू नये.

बिगर हंगामातील काळजी

कोरडवाहू भागात हरभऱ्यावरील घाटेअळीची फवारणी झाली की पंप पुढचे पाच-सहा महिने पडून राहतो. न वापरताही बॅटरी हळूहळू उतरते. २५ अंशांना महिन्याला साधारण ३ टक्के क्षमता जाते आणि तापमान १० अंशांनी वाढले की हा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे ४५ अंशांना तो चौपट होतो. बॅटरी अर्धवट भरलेली ठेवली असेल तर मे अखेरपर्यंत सल्फेट जमलेले असते.

- बॅटरी पूर्ण चार्ज करून पंपातून काढावी आणि घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावी. टिनाखाली किंवा माळ्यावर ठेवू नये.
- फेब्रुवारीपर्यंत दोन महिन्यांतून एकदा आणि मार्च ते जून दर महिन्याला चार्ज करावी. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री करावे.
- मोर्शी-वरुडकडील संत्रा उत्पादकांकडे पंप वर्षभर चालतो. त्यांनी उन्हाळ्यात व्होल्टेज कमी करण्याकडे विशेष लक्ष द्यावे.

झटका मशीनची बॅटरी

सौर पॅनेल असले तरी सलग ढगाळ दिवसांत बॅटरी उतरते. अशा वेळी ती मशीनपासून पूर्ण सोडवून घरी आणूनच चार्ज करावी. मशीन कुंपणाला जोडलेले असताना विजेवरचा चार्जर लावू नये. बॅटरी मोठी असल्यास प्रवाह क्षमतेच्या एक दशांश ठेवावा: २६ अॅम्पिअर-तासासाठी २.६ अॅम्पिअर. त्यासाठी मॉड्यूलच्या आयसीवर हीटसिंक लावावा आणि फ्यूज ५ अॅम्पिअरचा घ्यावा. कुंपणात घरगुती वीज थेट सोडणे जीवघेणे आहे आणि तो गुन्हा आहे.

जुनी बॅटरी वाचेल का?

व्होल्टेज १०.५ च्या खाली गेले असेल तर प्रवाह ०.४ अॅम्पिअरवर आणून काही तास द्यावा. लावताच व्होल्टेज १४ च्या वर गेले आणि प्रवाह जवळपास शून्य राहिला तर सल्फेट जमले आहे. तासन्‌तास लावूनही व्होल्टेज ११ च्या आसपास अडकले आणि बॅटरी तापली तर एक सेल शॉर्ट आहे. ती बदलावीच लागते. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी, फोडू नये. आत शिसे आणि आम्ल असते.

हे टाळावे

- लिथियम बॅटरीला वरील तक्ता लावू नये. ३ सेलच्या लिथियम-आयन बॅटरीची कमाल मर्यादा १२.६ व्होल्ट असते. १४ व्होल्ट दिल्यास आग लागू शकते. तिच्यासाठी कंपनीचाच चार्जर वापरावा.
- चार्जिंग झोपण्याच्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा कीटकनाशकांजवळ करू नये. जागा हवेशीर असावी, जवळ विडी-काडी पेटवू नये.
- धन-ऋण उलटे जोडू नये. एकाच दिशेने बसणारी पिन वापरावी.
- बॅटरी फुगली किंवा हाताला गरम लागली तर चार्जिंग लगेच बंद करावे.

कृषी सहायकांनी शेतकरी गटाच्या बैठकीत मल्टिमीटर घेऊन गावातील पंपांच्या बॅटऱ्या आणि सध्याचे चार्जर तपासावेत. ही तपासणी मार्चमध्ये केली तर उन्हाळ्याची काळजी वेळेत घेता येते. एका गटाला असा एक चार्जर पुरतो. बॅटऱ्या पाळीपाळीने लावता येतात.