तळटीप १४ : आगकाड्यांची मौज

१४. 'आगकाड्यांची मौज' : दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांचा १९१५ सालचा मूक लघुपट. लेखकाने त्याला व्यंगचित्रपट म्हटले आहे, पण त्यातल्या काड्या रेखाटलेल्या नव्हत्या, खऱ्या होत्या. काडी किंचित सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, अशी ती करामत. जिवंत माणूस आणि रेखाचित्र यांची पडद्यावरची गाठभेट ही वेगळी परंपरा. अमेरिकेत ब्लॅकटन १९०० सालीच कागदावर काढलेली बाटली उचलून हातात धरतो, १९१४ मध्ये विन्झर मॅके स्वतः पडद्यावर येऊन आपला डायनासोर सादर करतो आणि १९१८ पासून फ्लायशर बंधूंचा विदूषक शाईच्या दौतीतून उडी मारतो. फाळक्यांना या पंगतीत बसवणे बरोबर नाही. मात्र फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्या नाचवल्या होत्या, म्हणून फाळक्यांनी केले ते निव्वळ अनुकरण, हा आक्षेपही टिकत नाही. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पडद्यावर येण्याआधीच फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोज एकेक चौकट चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला होता आणि तो दाखवूनच भांडवलाची तजवीज केली होती. चौकटीगणिक चित्रण करण्याचे तंत्र त्यांनी असे स्वतः, चिकाटीने कमावले होते. काड्यांचा खेळ हा त्याचाच पुढचा टप्पा. त्यामुळे भारतीय ॲनिमेशनचा आरंभ म्हणून या लघुपटाचा मान निर्विवाद आहे. त्याची प्रत आज उपलब्ध नाही.