अक्षर टिकतं, रूप बिघडतं: मराठी पानांच्या दुरुस्तीचा इतिहास

माणिकपूरच्या या सभेत संकेतस्थळांच्या थीम बांधणारी बरीच तरुण मंडळी बसली आहेत. तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या माणसाने कोडवर काय बोलावं? पण मराठी पान बिघडतं तेव्हा प्रश्न आमच्याच विषयातला असतो: वस्तू बिघडली, की नुसतं तिचं दिसणं?

थोडा इतिहास बघू. 1988 साली पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. भारतीय लिपींसाठी इस्की ही संकेतावली 1991 मध्ये भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली; तिने देवनागरीची मांडणी 1988 च्या इस्कीवरून घेतली. तत्त्व असं, की साठवायचं ते अक्षर. त्याचा आकार काढणं हे फॉन्टचं काम. व्यवहारात मात्र बरीच वर्षं उलटं चाललं. ज्याचा त्याचा फॉन्ट, आणि त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी अक्षरांचे तुकडे. तो फॉन्ट उतरवून घेतला तर मराठी, नाहीतर गिचमीड. साठवलं गेलं ते फक्त रूप. म्हणून ती पानं मराठीत शोधून सापडत नाहीत. यंत्राच्या लेखी ती मराठी नाहीतच.

तेव्हा पहिली युक्ती ही. बिघडलेला मजकूर उचला आणि साध्या नोटपॅडमध्ये डकवा. तिथे नीट दिसला तर दोष थीमचा किंवा फॉन्टचा. तिथेही बिघडलेला असेल तर मुळाकडे, डेटाबेसकडे जा.

डेटाबेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हं साठली असतील तर अक्षर गेलं. जुना बॅकअप हाच उपाय. परदेशी चिन्हांची रांग दिसत असेल तर बहुधा अक्षर शाबूत आहे, वाचणारा चुकतो आहे. 2007 साली वर्डप्रेस 2.2 ने डेटाबेसची संकेतावली सांगणारी ओळ सेटिंगच्या फायलीत आणली. जुन्या संकेतस्थळात ती ओळ तशीच डकवली की चांगल्या मराठीची गिचमीड दिसायची. ओळ काढली की मराठी परत! म्हणून आधी बॅकअप, मग हात.

आता थीम. रोमन अक्षरांसाठी शीर्षकात लेटर-स्पेसिंग वाढवतात. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. मराठीपुरतं ते शून्य करा. लाइन-हाइट कमी आणि चौकटीची उंची बांधलेली असेल तर वेलांट्या, उकार कापले जातात. तिथे उंची मोकळी सोडा. सारांश तोडणारं कोड बाइट मोजत असेल तर घोटाळा होतो, कारण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं. मधेच कात्री लागली की चौकोन उरतो. चिन्हं मोजलीत तरी 'क्ष' चा 'क्' होऊ शकतो. म्हणून शब्दावर तोडा.

आणि एक दुरुस्ती अशी, की तीच दोष निर्माण करते. 'नको असलेली अदृश्य चिन्हं' साफ करणारं कोड तुम्ही कुठून तरी उचलता. 'आचाऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्या' अदृश्य जोडचिन्हाने लिहिलेला असेल, तर ते चिन्ह गळताच 'आचार्यांना' उरतं. जेवणाचे पैसे स्वयंपाक्याऐवजी गुरुजींना! तपासणीत कुठेही लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध. यावर उपाय म्हणजे नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त वापरून लिहायचं. अदृश्य चिन्हावर विसंबायचं नाही.

हे मी वसईत मुद्दाम सांगतो आहे. आपली कादोडी देवनागरीत लिहिली जाते. उद्या तिच्यातल्या म्हणी, गाणी तुमच्यापैकी कुणी संकेतस्थळावर ठेवेल. मराठी शब्द बिघडला तर ताडून बघायला शब्दकोश आहेत, लाखो वाचक आहेत. कादोडीचा शब्द बिघडला तर तो ओळखणारी माणसं आज आहेत, मोजकी आहेत. त्यांच्यानंतर पानावर जे उरेल तोच शब्द मानला जाईल. म्हणून दुरुस्ती करताना आधी विचारा: मी अक्षराला हात लावतो आहे, की त्याच्या रूपाला? रूप उद्याही सुधारता येतं.