कचेरीची वेळ

मालवण तालुक्यांतील धामापूरचा तलाव १५३० सालचा आहे. विजयनगरच्या राजांचा मांडलिक नागेश देसाई यानें दोन डोंगरांच्या मधोमध बांध घालून पाणी अडविलें आणि धामापूर व काळसे या गांवांच्या लोकांनीं त्या कामीं श्रम केले, अशी त्याची हकीकत सांगतात. कांठावर भगवतीचें देऊळ आहे. २०२० सालीं जगांतील सिंचनाच्या वारसास्थळांच्या यादींत या तलावाचें नांव घातलें गेलें. बांधास पांच शतकें होत आलीं. ज्यांनीं तो घातला त्यांच्यापाशीं घड्याळ नव्हतें, हजेरीपट नव्हता. कामास येण्याची वेळ सूर्य ठरवी आणि काम संपविण्याची वेळ मृगाचा पाऊस ठरवी. पावसापूर्वीं माती बसली नाहीं तर वर्षाची मेहनत वाहून जाणार, हें सर्वांस ठाऊक असे.

त्याच तलावाच्या पाण्यावर भात पिकविणारा शेतकरी आज वडिलांच्या पश्चात् सातबाऱ्यावर आपलें नांव लावून घेण्यासाठीं कचेरीची पायरी चढतो, तेव्हां त्याची गांठ पुष्कळदां रिकाम्या खुर्चीशीं पडते. साहेब फिरतीवर गेले आहेत, बैठकीस गेले आहेत, आतांच उठून बाहेर गेले, अशीं उत्तरें त्यास पाठ झालेलीं असतात. भिंतीवर घड्याळ असतें. तें बहुधा बरोबरहि चालत असतें. सरकारी चाकराचें कर्तव्य तासांनीं मोजण्याची चाल आपल्याकडे केव्हां पडली, त्यापूर्वीं तें कशानें मोजीत, आणि तास मोजल्यानें खुर्ची भरली काय, हें पाहण्यासारखें आहे.

जुन्या काळीं गांवचा कारभार वतनदारांच्या हातीं असे. देसाई, पाटील, कुळकर्णी हे पगारी नोकर नव्हते. पिकांतला हक्क हें त्यांचें वेतन आणि घराची ओसरी हीच त्यांची कचेरी. वतनदार गैरहजर आहे असें म्हणण्याची सोयच नव्हती, कारण तो गांवांतच राही. याचा अर्थ रयतेचें काम तत्काळ होई असा मात्र नव्हे. ओसरीवर कोणास बसवावें आणि कोणास अंगणांत तिष्ठत ठेवावें हें मालकाच्या मर्जीवर असे, आणि दुबळ्या कुळास त्या मर्जीचा अनुभव चांगला होता. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचें कारण नाहीं.

पगारी चाकराची चाल शिवाजी महाराजांच्या राज्यांत दृढ झाली. मालवणच्या समुद्रांत १६६४ सालीं ज्या सिंधुदुर्गाचें काम सुरू झालें, तसल्या किल्ल्यांची व्यवस्था सभासदानें आपल्या बखरींत सांगितली आहे. हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी सारख्या दर्जाचे असत, आणि कारभार तिघांनीं मिळून करावयाचा असे. एकाच्या इमानावर किंवा एकाच्या आळसावर किल्ला अवलंबून राहूं नये, हा त्यांतला हेतु उघड आहे. लष्कराचें वर्षहि ऋतूप्रमाणें वांटलेलें होतें. आठ महिने मुलुखगिरी आणि पावसाचे चार महिने छावणी. कामाच्या वेळा ऋतुमानाप्रमाणें लवचिक ठेवण्याची कल्पना म्हणजे कांहीं अगदीं अलीकडची युक्ति नव्हे.

परंतु काम चुकविणाऱ्या चाकराविषयीं महाराजांची दृष्टि कशी होती, हें जानेवारी १६७५ मधील एका पत्रावरून जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या कशावरूनहि दिसत नाहीं. हें पत्र कोंकणांतील प्रभावळी सुभ्याचा सुभेदार जिवाजी विनायक यास लिहिलेलें आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीस शह देण्यासाठीं मुरुडजवळच्या समुद्रांत पद्मदुर्ग उभा राहत होता. आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग तेथें होते, आणि त्यांच्या लोकांसाठीं पैका व धान्य प्रभावळीहून पोंचवावें असा हुकूम झाला होता. तें पोंचलें नाहीं. सुभेदार कचेरींत हजर होता कीं नव्हता, किती घटका बसत होता, याची पत्रांत विचारपूस नाहीं. विचारपूस आहे ती एकाच गोष्टीची : ऐन प्रसंगीं रसद पोंचली नाहीं, आणि त्यामुळें आरमार अडून बसलें. अशा चाकरास सिद्दीनें कांहीं देऊन फितविलें असावें, असा संशय महाराज घेतात आणि ब्राह्मण म्हणून गय होईल या भ्रमांत राहूं नये असेंहि बजावतात. हयगय आणि फितुरी या दोहोंमध्यें त्यांनीं फारसें अंतर ठेवलें नाहीं. समुद्रांतल्या खडकावर उपाशी बसलेल्या माणसाच्या दृष्टीनें तें अंतर नसतेंच.

पेशवाईंतील एक गोष्ट याच जातीची, पण उलट्या बाजूची आहे. येथें गैरहजर होता तो खुद्द धनी. थोरले माधवराव पेशवे एके काळीं जपतपांत फार वेळ घालवूं लागले. रामशास्त्री प्रभुणे कामासाठीं वाड्यांत आले, तेव्हां पेशवे ध्यानस्थ आहेत असें पाहून परतले आणि दुसऱ्या दिवशीं त्यांनीं काशीस जाण्याची रजा मागितली. ब्राह्मणधर्मच आचरावयाचा असेल तर आपण दोघेहि गंगातीरीं जाऊं. राज्य करावयाचें असेल तर प्रजेचें काम हाच जप, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ग्रांट डफनें ही हकीकत आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. देवपूजेसारखें निर्दोष कारण देऊनहि प्रजेच्या कामाची वेळ चुकवितां येत नाहीं, हें त्या काळच्या न्यायाधीशानें धन्यास तोंडावर सांगितलें, आणि धन्यानें तें मानलें.

पुण्याच्या हुजूर दफ्तरांत भरभराटीच्या काळीं दोनशेंहून अधिक कारकून काम करीत. प्रांतोप्रांतींचे हिशेब तेथें येत, तपासले जात, त्यांचे ताळेबंद होत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हें दफ्तर मोडकळीस आलें. कारकून कमी झाले, कागदांस वाली उरला नाहीं. राज्य जाण्यापूर्वीं त्याचें दफ्तर ओस पडलें होतें.

मालवणचा किनारा मात्र पेशवाई बुडण्याआधींच, म्हणजे १८१२ सालीं, कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे गेला. पुढें दक्षिण कोंकणचा जिल्हा झाला आणि १८२२ सालीं त्याचें ठाणें बाणकोटहून रत्नागिरीस आलें. येथपासून घटकापळांचा हिशेब मागें पडत गेला. साठ घटकांचा अहोरात्र, चोवीस मिनिटांची घटका आणि पाण्यांत बुडणारें घटिकापात्र हीं लग्नमुहूर्तापुरतीं उरलीं. कचेरींत तास, मस्टर आणि रजेचा अर्ज आले. कंपनीच्या राज्यांत सर्वच चाकर वेळेवर येत असें मात्र समजूं नये. कंपनीच्या लंडनच्या कचेरींत प्रसिद्ध निबंधकार चार्लस् लॅम हा १७९२ पासून १८२५ पर्यंत हिशेबनीस होता. उशिरां येतोस म्हणून वरिष्ठांनीं टोकलें असतां, त्याची भरपाई मी लवकर घरीं जाऊन करतों, असें उत्तर त्यानें दिल्याची आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, जगांतील सर्व कारकुनांनीं ती जिवापाड जपून ठेवली आहे.

इंग्रजी अंमलांत एक गोष्ट मात्र रयतेच्या सोयीची होती. हिवाळ्यांत कलेक्टर आणि मामलेदार जमाबंदीसाठीं फिरतीवर निघत, तंबू ठोकीत, आणि कचेरीच गांवापाशीं येई. 'फिरती' हा शब्द तेव्हांचा. आज तोच शब्द खुर्ची रिकामी असण्याचें कारण म्हणून ऐकूं येतो. साहेब कचेरींत नाहींत आणि गांवांतहि नाहींत, अशी ती फिरती असते. तलाठ्याची अडचण मात्र खरी आहे. एका सजांत अनेक गांवें, त्यामुळें एका गांवीं हजर असतांना तो बाकीच्या गांवीं गैरहजर असणारच. २०२४ सालीं त्याचें नामाभिधान ग्राम महसूल अधिकारी असें झालें; गांवांची संख्या नांवानें कमी होत नाहीं.

कोंकणच्या या पट्टींत घड्याळाचा अंमल आला तो कचेरीपेक्षांहि चाकरमान्यांच्या मार्गें. रेल्वे येथें फार उशिरां आली. संपूर्ण कोंकण रेल्वे १९९८ सालीं सुरू झाली. तोंपर्यंत, आणि मोटारी नव्हत्या तेव्हां तर विशेषच, मालवणचा माणूस आगबोटीनें मुंबईस जाई, आणि पावसाळ्यांत बोटी बंद झाल्या कीं तोहि मार्ग खुंटे. गिरणींत, गोदींत, कचेरींत नोकरी धरणाऱ्यास गांवाकडे चाकरमानी म्हणतात. भरतीओहोटीवर चालणारा हा माणूस मुंबईस उतरला म्हणजे भोंग्यावर चालूं लागे.

आणि ज्या मुंबईनें त्यास वेळ शिकविली, तिचाच वेळेविषयीं एकमत नव्हतें. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं सरकारी कचेऱ्यांत मद्रासची वेळ सुरू केली. ती मुंबईच्या वेळेच्या सुमारें अर्धा तास पुढें. कचेरीस अर्धा तास आधीं जावें लागतें म्हणून शहरांत इतकी ओरड झाली कीं १८८३ सालीं ती मागें घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून सबंध हिंदुस्थानची एकच प्रमाण वेळ ठरली; ती मुंबईच्या वेळेपुढें ३९ मिनिटें होती. गिरणीकामगारांनीं विरोध केला, आणि शहराच्या म्युनिसिपालिटीनें तर आपल्या घड्याळांत जुनी मुंबईची वेळ १९५५ पर्यंत चालू ठेवली. त्यांत १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत युद्धासाठीं घड्याळें आणखी एक तास पुढें केलेलीं होतीं. एकाच रस्त्यावर दोन घड्याळें दोन वेळा दाखवीत असतां उशीर झाला म्हणजे नेमकें काय झालें, हा प्रश्न कोणा कारकुनाच्या मनांत आला असल्यास त्यास दोष देणें कठीण.

स्वराज्यांत हजेरीच्या मोहिमा अनेक झाल्या. १९७५ च्या आणीबाणींत सरकारी नोकर वेळेवर येऊं लागल्याचें कौतुक पुष्कळांनीं केलें. भीतीनें भरलेल्या खुर्च्या भीति सरतांच पूर्ववत् झाल्या. मस्टर गेलें आणि बोटाचा ठसा घेणारें यंत्र आलें. यंत्रास माणूस आला एवढें कळतें. ठसा देऊन तो चहास गेला हें कळत नाहीं.

लवचिक वेळेचा आधुनिक प्रयोग जर्मनींतला. म्युनिकजवळ ओटोब्रुन येथें विमानें बनविणाऱ्या एका कारखान्यांत १९६७ सालीं हा प्रयोग झाला. सर्वजण एकाच वेळीं आल्यानें रस्ता तुंबे, म्हणून येण्याजाण्याची वेळ कामगारावर सोंपविली. मधले कांहीं तास मात्र सर्वांनीं हजर असलें पाहिजे आणि एकूण तास भरले पाहिजेत असा नियम ठेवला. यांतला मर्म मधल्या तासांत आहे. कामासाठीं येणाऱ्या दुसऱ्या माणसास कोणता वेळ खात्रीचा, हें तेथें आधीं ठरविलें गेलें.

आपल्याकडे मध्यवर्ती सरकारनें १९८५ सालीं पांच दिवसांचा आठवडा केला आणि महाराष्ट्रानें २९ फेब्रुवारी २०२० पासून. शनिवार बंद झाला आणि त्याची भरपाई म्हणून कचेरीची वेळ पावणेदहापासून सव्वासहापर्यंत झाली. महिना लोटण्यापूर्वींच साथीच्या रोगामुळें सरकारी कचेऱ्यांतली हजेरी शेंकडा पांचावर आणावी लागली, त्यामुळें नव्या वेळापत्रकाची परीक्षा बरेच दिवस झालीच नाहीं.

कायद्याची दृष्टि मात्र या सुमारास तासांकडून कामाकडे वळूं लागली होती. महाराष्ट्रांत लोक ज्यास दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात तो २००५ चा. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला. एका चाकरापाशीं नस्ती सामान्यतः सात कामाच्या दिवसांहून अधिक पडून राहूं नये असें त्यांत आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानें सेवेची मुदत जाहीर करण्यास लावलें आणि मुदत विनाकारण चुकविणाऱ्यास ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड ठरविला. प्रभावळीच्या सुभेदारास विचारला गेला तोच प्रश्न हे कायदे विचारतात : किती वेळ बसलास तें राहूं दे, जिन्नस पोंचला कीं नाहीं? अंगठ्याच्या यंत्रापेक्षां ही कसोटी पुष्कळ बरी.

संगणकावर सही झालेला सातबारा २०१८ पासून घरबसल्या मिळूं लागला, आणि त्यापुरती रिकाम्या खुर्चीची बाधा टळली. वारसाच्या नोंदीचें तसें नाहीं. तिला अर्ज, जबाब, पंधरा दिवसांची नोटीस आणि कोणा माणसाची सही लागते. धामापुरांतील ज्या घरांतला कर्ता मुलगा मुंबईस नोकरीस आहे, तो रजा शिल्लक पाहून गांवीं येतो, आणि त्याची रजा बहुधा शनिवार-रविवारास किंवा गणेशचतुर्थीस जोडलेली असते. तो मुंबईहून रात्रीच्या गाडीनें निघतो आणि सकाळीं कचेरीच्या दारांत पोंचतो, त्या दिवशीं तेथें कुलूप असतें. हें कुलूप कोणी कामचुकारपणा केल्यामुळें लागलेलें नसतें. तें नियमानें लागलेलें असतें. सोमवारीं दार उघडतें तेव्हां तो मुंबईस आपल्या कचेरींत, आपल्या यंत्रावर ठसा देत उभा असतो.