माय पापाज वॉल्ट्झ

माय पापाज वॉल्ट्झ : अमेरिकन कवी थिओडोर रेट्की (१९०८–१९६३) यांची सोळा ओळींची इंग्रजी कविता. प्रथम प्रसिद्धी १९४२. पुढे 'द लॉस्ट सन अँड अदर पोएम्स' (१९४८) या संग्रहात समाविष्ट. दारू प्यायलेला बाप रात्री स्वयंपाकघरात लहान मुलाला धरून नाचतो आणि तसाच नाचत त्याला अंथरुणाकडे नेतो, एवढाच प्रसंग. तो लाडाचा की छळाचा, यावर टीकाकारांत एकमत नाही. पालकाकडून होणाऱ्या बालछळाचे कवितेतील चित्रण हा विषय निघाला की ही कविता हटकून पुढे येते.

रेट्की यांचा जन्म मिशिगन राज्यातील सॅगिनॉ येथला. वडील ऑटो हे जर्मन वंशाचे. फुलझाडांची मोठी काचगृहे ते भावाच्या भागीदारीत चालवत. १९२३ मध्ये ऑटो कर्करोगाने वारले, त्या वेळी कवी चौदा वर्षांचे होते. त्याच वर्षी चुलत्यांनी आत्महत्या केली. कविता छापून आली तेव्हा बाप जाऊन एकोणीस वर्षे लोटली होती, तरी ती पहिल्या ओळीपासून बापालाच उद्देशून बोलते. कवितेतील बाप म्हणजे ऑटोच, असे पुष्कळजण धरून चालतात. त्याच्या तळहातावर थापलेली माती त्यांना बागकामाची वाटते. अॅलन सीगर यांचे 'द ग्लास हाउस' (१९६८) हे चरित्र कुटुंबाविषयीच्या माहितीचा मुख्य आधार होय. मात्र चरित्रातून कवितेचा निकाल लावणे धोक्याचे.

छळाच्या बाजूने दिला जाणारा पुरावा बहुतेक सगळा शरीराचा आहे. बापाच्या तोंडाला येणारी व्हिस्की मुलाला घेरी आणण्याइतकी उग्र आहे. मुलगा त्याला चिकटून आहे, पण त्या चिकटण्याला कवीने मरणाची उपमा दिली आहे. नाचाच्या दणक्याने फळीवरची भांडी घसरतात. बापाने मुलाचा हात धरलेला नाही, मनगट धरले आहे, आणि त्या बापाच्या बोटाचे पेर दुखावलेले आहे; ते कशाने, हे सांगितलेले नाही. सर्वांत बोलका तपशील पट्ट्याच्या बकलाचा. पाऊल चुकते बापाचे, खरचटतो मुलाचा कान, आणि तेही दर चुकीला. कान बकलाच्या उंचीवर आहे, यावरून मुलगा किती लहान असेल याचा अंदाज येतो. शेवटी बाप त्याच्या डोक्यावर ताल धरतो. इंग्रजीत ताल धरण्याला आणि मारण्याला क्रियापद एकच असल्याने वादाचा मोठा भाग या एका ओळीभोवती फिरतो. उलट बाजूचे वाचक शीर्षकातील लाडाच्या संबोधनाकडे, एकंदर दंग्याच्या खेळकरपणाकडे आणि अखेरपर्यंत बापाचा सदरा न सोडणाऱ्या मुलाकडे बोट दाखवतात. सदरा प्रेमानेही धरला जातो आणि पडण्याच्या भीतीनेही, ही अडचण दोन्ही पक्षांना सारखीच आहे.

आई कपाळाला आठी घालून पाहते. बोलत नाही, मध्ये पडत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते कवितेचे खरे मर्म तिच्या छंदात आहे, आणि आशयाच्या वादात तेच मागे पडते. चार चरणांची चार कडवी. दर ओळीत तीन आघात. वॉल्ट्झही तीन मात्रांचे नृत्य असल्याने ओळ वाचतानाच पाय हलू लागतो. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात दुसऱ्या व चौथ्या ओळीच्या शेवटी एक आघातहीन अक्षर जास्तीचे येते. तिथे ताल किंचित लडखडतो. या जागा कोणत्या, ते पाहावे : पहिल्या कडव्यात घेरीची आणि नाच सोपा नसल्याची ओळ, तिसऱ्यात दुखऱ्या पेराची आणि बकलाची. जिथे शरीराचा तोल जातो किंवा त्याला इजा होते, नेमके तिथेच हे जास्तीचे अक्षर येते. शेवटच्या कडव्यात मात्र ते एकदाही येत नाही. चारही ओळी घट्ट मिटतात. गाणे चालू असताना वेदना तालात बसवून घेतली जाते, आणि मोठेपणी आठवताना ती तालासकटच आठवते. छळ सोसलेल्या मुलाची आठवण अशी असू शकते. धसमुसळ्या बापावर माया करणाऱ्या मुलाचीही तशीच असू शकते. छंद दोन्ही शक्यता राखतो, आणि ही कवीची कारागिरी आहे, संदिग्धपणा नव्हे.

हस्तलिखितांच्या अभ्यासातून पुढे आलेली एक बाब महत्त्वाची आहे. आधीच्या एका खर्ड्यात घेरी येणारे मूल मुलगा नसून लहान मुलगी होती. कवीने नंतर ते बदलले. त्यामुळे कविता म्हणजे सरळ आत्मकथन, या समजाला धक्का बसतो. बदलाचे कारण कवीने सांगितल्याची नोंद आढळत नाही. मुलगी ठेवली असती तर आजच्या वाचकाने छळाचा अर्थ अधिक चटकन काढला असता, असे म्हणता येईल.

वाचनाची दिशा बदलण्यास कवितेबाहेरच्या घडामोडीही कारण झाल्या. १९६२ मध्ये सी. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहावर निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशा प्रकरणांची माहिती कळवण्यासंबंधी कायदे झाले. दुखावलेले पेर आणि खरचटलेला कान हे तपशील १९४२च्या वाचकाच्या नजरेतून सहज निसटू शकत; या घडामोडींनंतरच्या वाचकाला ते खुणा म्हणून दिसू लागले. जुन्या वाचकाला आंधळा किंवा नव्याला अतिसंशयी ठरवण्याचे कारण नाही.

रेट्की यांनी वडिलांवर पुढेही लिहिले. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या 'द फार फील्ड' (१९६४) या संग्रहातील 'ऑटो' ही कविता उघडपणे त्यांच्यावर आहे. तीत वडील आपल्या रानात घुसलेल्या चोरट्या शिकाऱ्यांना चपराक देतात. मार खाणारे परके आहेत, मुलगा नव्हे. मिशिगनमध्येच वाढलेले कृष्णवर्णीय कवी रॉबर्ट हेडन यांची 'दोज विंटर संडेज' (१९६२) ही बापाविषयीची कविता वर्गात अनेकदा या कवितेच्या जोडीने शिकवली जाते. तीतही घरातल्या रागाचा उल्लेख येतो.