शेततळ्याचा बांध : सुरक्षितता व देखभाल

शेततळ्याचा बांध म्हणजे शेतात पावसाचे पाणी साठवणाऱ्या तळ्याभोवतीचा मातीचा भराव. अमरावती जिल्ह्यातील भातकुली तालुका पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरींचे पाणी खारट, त्यामुळे ओलितासाठी शेततळ्यांचा आधार मोठा. २०१६ मधील ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने त्यांना चालना दिली.

इथली काळी चोपण माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते. सोडियममुळे तिचे कण पाण्यात सुटे होतात आणि भेगेत शिरलेले पाणी बांधात आतल्या आत बोगदा पाडते. उंदीर-घुशींची बिळे त्यात भर घालतात. झिरपा स्वच्छ असेल तर लक्ष ठेवावे. गढूळ झाला की ताबडतोब पाण्याची पातळी उतरवावी.

पावसाळ्यापूर्वी भेगा व बिळे खणून, ओलसर मातीचे पातळ थर धुमसून भरतात. बांधावर गवत राखतात, बाभळी मात्र वाढू देत नाहीत. मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते. जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा कायम मोकळा हवा, कारण माथ्यावरून वाहणारे पाणी बांध कापत जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलेले धरणही मातीचेच होते. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १० मीटरपेक्षा कमी उंचीच्या बांधांना लागू होत नाही; त्यामुळे शेततळ्याच्या अशा बांधाची देखरेख मालकालाच करावी लागते.