समुद्रात डॉक्टर शोधायचा कुठे?

मंडळी, आज थोडा इतिहास. पोस्ट लांबलीय, पण ज्यांचं पोट बंदरावर आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

गावात कुणाच्या छातीत दुखलं तर आपण रिक्षा बघतो, तालुक्याला फोन लावतो, कोणता डॉक्टर चांगला ते शेजाऱ्याला विचारतो. किनाऱ्यापासून दोन दिवसांवर असलेल्या बोटीत तेच झालं तर? तिथे चांगला आणि वाईट हा प्रश्नच नाही, डॉक्टरच नाही. हा पेच शिडाच्या जहाजांइतका जुना आहे.

सुरुवात स्कर्वीपासून करू. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा उघडायच्या आणि माणूस जायचा. लांबच्या सफरीत लढाईपेक्षा या रोगाने जास्त खलाशी मेले. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड नावाच्या सर्जनने १२ आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला सायडर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्या दोघांतला एक कामावर जाण्याइतका बरा झाला होता.

मग लगेच सगळ्या जहाजांवर लिंबं गेली का? नाही! ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सरसकट द्यायचं ठरवलं १७९५ साली. म्हणजे ४८ वर्षांनी. लिंड त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता. उपाय माहीत असणं आणि तो खलाशाच्या हातात पडणं, यात जवळजवळ अर्धं शतक गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

व्यापारी जहाजांची गोष्ट आणखी मागे राहिली. १८६७ च्या ब्रिटिश कायद्याने लिंबूरस आणि औषधांची पेटी यांचे नियम कडक केले. पुढच्याच वर्षी ‘द शिप कॅप्टन्स मेडिकल गाइड’ हे पुस्तक आलं. डॉक्टर नसलेल्या जहाजावर कप्तानानेच लक्षणं बघायची, पुस्तकात शोधायची आणि पेटीतलं औषध काढायचं. बाटल्यांवर नंबर असायचे. दर्यावर्दी लोकांत एक जुना किस्सा आहे. पुस्तकाने १२ नंबरचं औषध सांगितलं, ती बाटली संपलेली, म्हणून कप्तानाने ७ आणि ५ नंबर एकत्र करून पाजलं! खरं-खोटं दर्या जाणे. पण पेटी आणि पुस्तक असून भागत नाही, शिकलेला हात लागतो, हे त्या काळच्या लोकांनाही कळत होतं.

ही गोष्ट परक्यांची नाही बरं का. पी. अँड ओ. सारख्या कंपन्यांच्या आगबोटींवर डेकवर राबणारे कितीतरी खलाशी आपल्या रत्नागिरीकडचे होते आणि जेवणघरात गोव्याची माणसं. त्यांचं जगणं-मरणंही त्या पेटीवरच होतं.

मग बिनतारी संदेश आला. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या खलाशांच्या एका संस्थेने जहाजांना रेडिओवरून वैद्यकीय सल्ला द्यायला सुरुवात केली. १९३५ साली रोममध्ये डॉ. ग्वीदो ग्वीदा यांनी खास याच कामासाठी केंद्र उभारलं. त्याचे पहिले अध्यक्ष होते खुद्द मार्कोनी. हे केंद्र आजही चालू आहे. जहाज कुठल्याही देशाचं असो, सल्ला फुकट.

आवाज मिळाला तरी बोलायचं काय, हेही शिकावं लागतं. १९९८ साली व्हिक्टर याझिकोव्ह हा रशियन एकट्याने शर्यतीची बोट हाकत दक्षिण अटलांटिकमध्ये होता. कोपरात पू झाला. बोस्टनच्या डॉक्टर डॅनियल कार्लिन यांनी ईमेलवर पायरी-पायरीने सांगितलं आणि याने स्वतःच कोपर कापून पू काढला. पण रक्त थांबेना, कारण तो आपल्या मनाने ॲस्पिरिन घेत होता आणि डॉक्टरांना ते माहीत नव्हतं. नशिबाने वाचला. लांबच्या डॉक्टरचे डोळे आपणच असतो. एक गोष्ट सांगायची राहिली की त्याचा सल्लाही तेवढा अधू होतो.

आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी तर आठवत असतीलच. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठी मोडली, पाठीचा कणा जबर दुखावला, उठता येईना. उपग्रहावरून त्यांनी मोजक्या शब्दांचे संदेश पाठवले. तिसऱ्या दिवशी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं आणि ॲमस्टरडॅम बेटावरच्या छोट्या दवाखान्यात नेलं. पुढे शस्त्रक्रिया झाली आणि २०२३ साली याच माणसाने तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली. ते वाचले, कारण ते कुठे आहेत आणि त्यांना काय झालंय, हे किनाऱ्यावर कुणाला तरी ठाऊक होतं.

आता आपल्या जेटीवर या. खलाशांसाठीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की १०० किंवा जास्त माणसं घेऊन तीन दिवसांहून लांबच्या परदेशी सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर हवाच, आणि बाकी जहाजांवर उपचाराचं शिक्षण घेतलेला माणूस हवा. भारताने २०१५ साली हा करार स्वीकारला. पण मासेमारीच्या बोटी त्यातून वगळलेल्या आहेत. म्हणजे पाच-सहा दिवस दर्यावर राहणारा आपला तांडेल आणि त्याचे खलाशी या करारात बसतच नाहीत.

जाळ्यात समुद्रसर्प येतो, पाकटाचा काटा घुसतो, विंचमध्ये बोट सापडतं. पाकटाचा काटा लागला तर भाजणार नाही पण सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवायचा, हा साधा प्रथमोपचार किती बोटींवर माहीत आहे? तटरक्षक दलाचा टोल फ्री नंबर १५५४ आणि व्हीएचएफ सेटचं १६ नंबरचं चॅनल किती केबिनमध्ये रंगवून ठेवलंय? मोबाईलची रेंज गेली की तो सेटच डॉक्टरपर्यंतचा रस्ता असतो.

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक बोटीवर भरलेली पेटी, आतल्या औषधांची तारीख दर हंगामाआधी तपासलेली. प्रत्येक बोटीवर प्रथमोपचार शिकलेला निदान एक माणूस. आणि कुणाला मधुमेह, कुणाला कसली ॲलर्जी, कोण कसल्या गोळ्या घेतो, याची एका कागदावर नोंद. नाखवा, सोसायटी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र एकत्र बसले तर नारळी पौर्णिमेच्या आत होण्यासारखं काम आहे.

लिंबाचा उपाय कळून तो खलाशापर्यंत पोचायला ४८ वर्षं लागली. आपल्याला उपाय कधीचा माहीत आहे. तुमच्या बंदरात ही पेटी कुठल्या बोटीवर आहे आणि कुठल्यावर नाही, ते खाली लिहा. यादी घेऊन सोसायटीच्या पुढच्या सभेत जाऊ.